मोरीचं पाणी

आमच्या माण तालुक्यातल्या घरामागं, परड्याच्या कडेला एक चपटा काळा धोंडा आहे. त्याच्या एका बाजूला खोलगट झिजल्याची खूण आहे. लहानपणी मला वाटायचं, तो कपडे धुवायचा दगड. तो आंघोळीचा धोंडा होता, हे मला थोरल्या आत्यानं सांगितलं, तेही माझं पहिल्या वर्षीचं परडं वाळून गेल्यावर.

गावी परतून घरचं अन्न घरीच पिकवायचं ठरवलं, तेव्हा हाताशी दोन गुंठे जागा होती. मी वीस जातींची बियाणी आणली, वाफे पाडले, शेणखत विस्कटलं. मेथी आली, शेपू आला, वांग्यांना फुलं धरली. मार्चमध्ये बोअरचं पाणी आटलं आणि पंधरा दिवसांत सगळं करपलं. आत्या पाहायला आली. वाफ्यांकडं तिनं नजरही टाकली नाही. घराच्या मागल्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोरीचं पानी कुठं जातंय गं?"

पाइपातून गटारात, मी म्हणाले.

"आन् तू परडं करतीस व्हय?"

मग त्या धोंड्यावर बसून तिनं बहात्तरचा दुष्काळ सांगितला.

सह्याद्रीनं अडवलेला पाऊस आमच्याकडं मुळातच उरलासुरला येतो. १९७२ साली तोही आला नाही. खरीप गेलं, रब्बी पेरलीच नाही. आजोबा-आजी खडी फोडायला जात. सरकारी दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध त्या हातांनी झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढं १९७७ साली कायदा झाला, त्यामागं हीच खडी फोडणारी माणसं होती. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि पोरांना सुकडी. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. मिलोची भाकरी थापताना चिरायची, हे ती आजही हाताच्या तळव्यानं दाखवते.

पाणी कोसभरावरून यायचं. घरात सात माणसं. आजीनं त्या उन्हाळ्यात आंघोळीची जागा हलवली. मोरीतून उचलून धोंडा परड्यात आणला आणि त्याच्या उताराला आळं करून तांबड्या भोपळ्याच्या तीन बिया टोचल्या. पोरं तांब्या-तांब्यानं धोंड्यावरच न्हायची. साबण सणापुरता, एरवी अंग नुसतं चोळायचं. भांडी राखेनं घासलेली, त्यांचं पाणीही तिथंच. ज्वारीच्या कण्या धुतलेलं पाणी आधी शेळीला, उरलं तर वेलाला. एकच पाणी घरात तीनदा राबायचं.

वेल छपरावर गेला. फुलं आली, पण रानात फूल नव्हतं, त्यामुळं मधमाशीही नव्हती. उजाडता उजाडता आत्यानं उठायचं, लांब देठाचं फूल खुडायचं, पाकळ्या मागं सारून त्याचा तुरा, मागं चिमुकलं फळ असलेल्या फुलाच्या मध्यावर टेकवायचा. ऊन चढलं की फूल मिटे, म्हणून घाई. त्या वेलाला पाच भोपळे लागले.

पहिला भोपळा आजीनं चिरला आणि आळीतल्या घराघरांत फोडी पाठवल्या. फोड देताना सांगणं एकच, "बिया तेवढ्या परत धाडा." घराघरांतून ओल्या बिया परत आल्या. तिनं त्या राखेत घोळल्या, वाळवल्या आणि मडक्यात ठेवल्या. मृगाचा पाऊस पडला तेव्हा आळीतल्या प्रत्येक परड्यात ती बी गेली.

हे ऐकल्यावर मी घरातलं पाणी मोजलं. चार माणसं, माणशी दोन बादल्या, पंधरा लिटरची बादली. आंघोळीचंच रोजचं एकशेवीस लिटर. बोअर आटल्याची हळहळ करताना मी हे रोज गटारात ओतत होते. दुसऱ्या वर्षी परड्याची आखणी मोरीपासून केली. आता आपल्याकडं रोज साबण असतो, म्हणून पाणी आधी खडी-वाळूच्या खड्ड्यात, तिथं कर्दळ आणि अळू. पुढं केळीची दोन खुंटं, मग शेवगा, शेवटी भोपळ्याचं आळं. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी तेवढं पालेभाजीला. कपड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र मातीत सोडत नाही, तिच्या क्षारानं माती आवळते. उन्हाळ्यात जेवढं पाणी पोसू शकेल, तेवढंच जगवते. वीस जाती आठांवर आल्या आणि त्या आठ टिकल्या.

ज्यांना घरचं पिकवायचं आहे, ते मला विचारतात, जागा किती लागते, बी कुठून आणायचं. मी त्यांना आधी मोरीचं तोंड दाखवायला सांगते. परस म्हणजे घराची मागली बाजू. घर जे वापरून टाकतं, ते तिथंच जातं. राख, शेण, खरकटं, सांडपाणी. शेत पावसावर जगतं, परसबाग घरावर जगते. म्हणून शेत करपलेल्या वर्षीही आजीचा वेल हिरवा राहिला.

आत्यानं मला त्या बिया दिल्या, लुगड्याच्या चिंधीत बांधून. पन्नासहून अधिक वर्षं ती दरसाल लावते, दरसाल राखते. यंदा माझ्या वेलाला सात भोपळे लागले. पहिला चिरून शेजारी फोडी दिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची लेक वाटी घेऊन दारात आली. वाटीत ओल्या बिया होत्या. मी अजून मागितल्याही नव्हत्या. तिच्या आजीनं धाडल्या होत्या.