किल्वा : स्वाहिली किनाऱ्यावरील मध्ययुगीन व्यापारी राज्य

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचे, सध्याच्या टांझानियात मोडणारे एक लहान बेट व त्यावरील मध्ययुगीन नगरराज्य. बेटाचे पूर्ण नाव किल्वा किसिवानी. ते दारेसलामच्या दक्षिणेस सुमारे ३०० किमी.वर, मुख्य भूमीला जवळजवळ खेटून आहे. इ. स. आठव्या-नवव्या शतकांत येथे मासेमारी व शेती करणाऱ्यांची वस्ती होती. तेराव्या-चौदाव्या शतकांत ते सोफाल्याच्या सोन्याचे मुख्य बंदर बनले. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटले. जवळच्या सोंगो म्नारा बेटावरील अवशेषांसह किल्व्याचे अवशेष १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मोगादिशूपासून दक्षिणेकडे पसरलेल्या स्वाहिली नगरांच्या मालिकेत किल्व्याचे वैभव मोठे होते, आणि ही संस्कृती मुळात कोणाची यावरचा वादही तेवढाच मोठा. दगडी मशिदी, अरबी कोरीव लेख आणि इराणी मूळ सांगणारी बखर पाहून वसाहतकाळातील अनेक अभ्यासकांनी तिला आफ्रिकेच्या काठावर येऊन वसलेली अरब-इराणी वसाहत ठरवले. पुढे हाती आलेला पुरावा या मताला टिकू देत नाही. ही संस्कृती किनाऱ्यावरच्या आफ्रिकी लोकांनी घडवली, आणि समुद्रापलीकडून आलेल्या परक्याला पाहुणा, जावई व धर्मबंधू करून घेण्याची त्यांची रीत हाच त्यांच्या व्यापाराचा कणा होता.

ही रीत कशातून उपजली, हे वाऱ्यांच्या गणितावरून समजते. अरबस्तान, इराणचे आखात व गुजरात येथून निघालेली गलबते ईशान्य मोसमी वाऱ्यांवर साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान आफ्रिकेचा किनारा गाठत आणि एप्रिलनंतर वारा फिरला की परतीला लागत. स्वाहिली भाषेत या दोन वाऱ्यांना कास्काझी व कुसी म्हणतात. एकाच हंगामात जाऊन परत यायचे तर किल्वा ही जवळपास शेवटची मर्यादा होती. त्याच्या दक्षिणेस असलेल्या सोफाल्याचे सोने व हस्तिदंत किनारी गलबतांतून किल्व्याला येई आणि तेथे मोठ्या गलबतांवर चढे. वारा फिरेपर्यंत परदेशी व्यापाऱ्याला राहायला घर, माल ठेवायला कोठार आणि त्याच्या वतीने शब्द देणारा कोणीतरी लागे. १३३१ च्या सुमारास या किनाऱ्यावर आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मोगादिशूतील व्यवस्था बारकाईने नोंदवली आहे. गलबत बंदरात शिरताच लहान होड्यांतून तरुण पुढे येत. प्रत्येकाच्या हातात झाकलेले अन्नाचे ताट असे. गलबतावरच्या एका व्यापाऱ्यापुढे ते ठेवून तो तरुण ‘हा माझा पाहुणा’ असे जाहीर करी. मग त्या व्यापाऱ्याने त्याच्याच घरी उतरायचे; त्याचा माल यजमानाने विकायचा आणि त्याच्यासाठी माल यजमानानेच घ्यायचा. यजमानाच्या गैरहजेरीत झालेला किंवा पाहुण्याला नाडून केलेला सौदा ग्राह्य धरला जात नसे. खुद्द इब्न बतूतापुढे तूप घातलेला भात, दुधात शिजवलेली केळी, दही, आणि लिंबू, मिरीचे घोस, आले व आंबा यांची लोणची वाढली गेली. आदरातिथ्य आणि अडत येथे एकच व्यवहार होता. परक्याला गावात जागा होती, पण ती गावाने ठरवलेल्या दारातूनच मिळत असे.

मोगादिशूची ही नोंद किल्व्याला लावणे कितपत रास्त, असे विचारता येईल. त्याचे उत्तर किल्वा व सोंगो म्नारा येथील घरे देतात. या घरांच्या भिंती प्रवाळी दगड व चुन्याच्या आहेत. बारीक कोरीव कामासाठी समुद्राच्या तळचे जिवंत पोवळे कापून आणत. ओले असताना ते सहज कोरता येते आणि वाळल्यावर टणक होते. धाब्याला खारफुटीचे वासे घालत, आणि वाशाच्या लांबीमुळे खोल्यांची रुंदी सुमारे तीन मीटरच्या आतच राहिली. म्हणून खोल्या अरुंद, लांबट आणि एकामागे एक अशा रचलेल्या दिसतात. दर्शनी भागात ओटे असलेला चौक असे आणि आतल्या खोल्या घरच्यांसाठी राखीव असत. सौदा बाहेर, संसार आत आणि उतारूची सोय यांच्या मधोमध, अशी ही मांडणी आहे. ती आयात केलेली असती, तर दगडाबरोबर अवतरलेली दिसली असती. प्रत्यक्षात दगड वस्तीनंतर काही शतकांनी आला. त्याआधी याच जागी कुडामातीची घरे होती आणि त्यांत स्थानिक घडणीची मातीची भांडी वापरात होती. केनियातील लामू द्वीपसमूहात शांगा येथे १९८० च्या दशकात मार्क हॉर्टन यांनी केलेल्या उत्खननात नंतरच्या दगडी मशिदीखाली एकाखाली एक जुन्या मशिदी सापडल्या. सर्वांत खालची लाकडी, आठव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची आणि अगदी लहान होती. गावातल्या मोजक्या लोकांनी धर्म स्वीकारला, मग गाव वाढले आणि मशीदही वाढली, असा क्रम त्यातून दिसतो. इब्न बतूताने किल्व्याची गणना सुंदर व सुबक बांधणीच्या शहरांत केली, आणि तरीही तेथील घरे लाकडी असल्याचे लिहिले. बहुसंख्य रहिवासी चेहऱ्यावर गोंदण असलेले, काळ्या वर्णाचे झंज लोक आहेत, असेही तो सांगतो. वसाहतीचे वर्णन असे नसते.

ही संस्कृती आफ्रिकीच होती या मताविरुद्ध सर्वांत जुना आक्षेप किल्व्याच्या बखरीचा आहे. ती सोळाव्या शतकातील असून एका अरबी पाठात आणि झुआंव द बारुश याने १५५२ मध्ये छापलेल्या पोर्तुगीज इतिहासात आढळते. शिराझहून आलेल्या राजपुत्राने, म्हणजे अली बिन अल-हसनने, हे राज्य स्थापले, असे ती म्हणते. पण बखर नीट वाचली तर तीच वेगळी साक्ष देते. अरबी पाठानुसार आलेल्यांना बेटावर आधीच एक मुसलमान कुटुंब व मशीद आढळली, आणि बेटाच्या स्थानिक मालकाशी बोलणी त्या रहिवाशाच्या मध्यस्थीने झाली. बेटाला वेढा घालता येईल एवढे कापड देऊन ते विकत घेतले गेले. म्हणजे राज्य स्थापणाऱ्याचा पहिला पराक्रम खरेदीचा आहे. त्याला दुभाषा लागला, यजमान लागला आणि किंमत मोजावी लागली. १९६० च्या दशकात किल्व्याचे विस्तृत उत्खनन करणाऱ्या नेव्हिल चिटिक यांनी या घराण्याचा उदय बाराव्या शतकाच्या अखेरीस धरला; वस्ती त्याहून कित्येक शतके जुनी आहे. शिराझी वंशाचा दावा म्हणूनच नगराची जन्मकथा ठरत नाही. तो इस्लामी जगातील प्रतिष्ठेशी नाते जोडणारा कुलाभिमान होता, आणि दूरच्या बंदरांत पत मिळवायला तो उपयोगीही पडत असणार.

दुसरा आक्षेप अलीकडचा व अधिक वजनदार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, किनाऱ्यावरील मध्ययुगीन व नंतरच्या दफनांच्या जनुकीय अभ्यासात आशियाई, मुख्यतः इराणी व काही प्रमाणात भारतीय, वंशाचा मोठा वाटा आढळला, आणि हे मिश्रण इ. स. १००० च्या सुमारास सुरू झालेले दिसले. म्हणजे बखरीत तथ्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच अभ्यासात आफ्रिकी वारसा बहुतांशी आईकडून आणि इराणी वारसा बापाकडून आलेला दिसतो. बाहेरून पुरुष आले व येथील घरांत मिसळले. या किनाऱ्यावर नवऱ्याने बायकोच्या घरी राहायला जाण्याची चाल पुढील काळातही परिचित होती. घर मुलीला देत. अशा समाजात परदेशी व्यापारी घरजावई होतो, त्याची मुले आईची भाषा बोलतात, आणि त्याचा वंश, धर्म व समुद्रापलीकडच्या ओळखी त्या घराच्या मालकीच्या होतात. स्वाहिली भाषेचा घाट याला दुजोरा देतो: अरबी शब्दांचा भरणा मोठा असूनही तिचे व्याकरण पुरते बांटू आहे. खांबाच्या आकाराचे उंच थडगे ही या किनाऱ्याचीच निर्मिती आहे. किल्व्याच्या लहान घुमटी मशिदीच्या छताला परदेशी झिलईदार वाडगे जडवलेले आढळतात. दूरची वस्तू आणून आपल्या चौकटीत बसवणे हा या संस्कृतीचा स्थायीभाव होता. आयात मण्यांची कथाही बोलकी आहे. रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेल्या मण्यांच्या काचेशी पूर्व आफ्रिकेतील काही मण्यांची काच रासायनिक दृष्ट्या जुळते. कोकणच्या किनाऱ्यावरून हाताळला गेलेला मणी आफ्रिकेत दागिना झाला, तो तेथील आवडीनुसार.

राजसत्तेनेही हाच मार्ग धरला. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सुलतान अल-हसन बिन सुलेमान हा ‘अबुल मवाहिब’, म्हणजे दानांचा पिता, म्हणून ओळखला जाई. एका येमेनी फकिराने मागताच त्याने अंगावरची वस्त्रे उतरवून दिल्याची हकिकत इब्न बतूता सांगतो. त्याचा हुसुनी कुब्वा हा कड्यावरचा राजवाडा, त्यातील शंभराहून अधिक खोल्या आणि अष्टकोनी स्नानकुंड नक्कीच परदेशी नमुन्यांची आठवण करून देतात. पण तो अपुराच राहिला, फार काळ वापरात नव्हता आणि त्याचे अनुकरणही झाले नाही. टिकली ती मोठी मशीद. ती शतकानुशतके वाढवली व दुरुस्त केली गेली. किल्व्याची नाणी बहुतांश तांब्याची, हलकी आहेत. एका बाजूस सुलतानाचे नाव, दुसऱ्या बाजूस ईश्वरावरील भरवसा, आणि दोन्ही बाजू मिळून यमक साधते. परदेशी व्यापाऱ्याला या तांब्याचा फारसा उपयोग नव्हता. ती मुख्यतः घरच्या बाजारासाठी पाडली होती. त्यांपैकी एक नाणे ग्रेट झिंबाब्वेला मिळाले, हे सोन्याच्या उगमाशी असलेल्या संबंधाचे चिन्ह आहे.

या आतिथ्याला काळी बाजू होती, आणि ती झाकून किल्व्याचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल. हाच दानशूर सुलतान मुख्य भूमीवरील झंजांवर स्वाऱ्या करी व लूट आणी. त्या फकिराला दिलेल्या देणग्यांत गुलाम होते. समुद्राकडून आलेला परका पाहुणा ठरे, तर खंडाच्या आतल्या बाजूचा माणूस शिकार ठरू शके. पाहुणचाराचा हक्क धर्म, संपत्ती आणि नाते यांवर बेतलेला होता. मात्र हा दोष वसाहतीच्या सिद्धांताला बळ देत नाही. तो या समाजातील विषमता दाखवतो, आणि तिची जबाबदारीही येथल्याच राज्यकर्त्यांची ठरते.

१५०२ मध्ये वास्को द गामाने किल्व्याकडून खंडणी वसूल केली. तिच्या सोन्यातून लिस्बनच्या बेलें मठासाठी १५०६ मध्ये घडवलेले पूजापात्र आजही जतन केलेले आहे. १५०५ मध्ये फ्रान्सिस्कु द अल्मेदाने नगर लुटून किल्ला बांधला, पण १५१२ मध्येच पोर्तुगीजांनी तो सोडला. यजमानाचा हक्क न मानणाऱ्या, तोफेच्या जोरावर अटी लादणाऱ्या पाहुण्यापुढे जुनी व्यवस्था हतबल झाली आणि सोन्याचा व्यापार हातचा गेला. अठराव्या शतकात नगर पुन्हा सावरले, ते बव्हंशी गुलामांच्या व्यापारावर. १७७६ मध्ये फ्रेंच व्यापारी मोरिसशी झालेला करार त्याचाच होता. पुढच्या शतकात ओमानी सत्तेने स्थानिक सुलतानी संपवली. एवढे होऊनही भाषा, धर्म आणि घराची रीत किनाऱ्यावर अखंड राहिली. वसाहत असती तर ती राज्यकर्त्यांबरोबर विरून गेली असती. किल्व्याची सत्ता गेली आणि संस्कृती उरली, कारण ती राजवाड्यापेक्षा घराघरांत रुजलेली होती. आज स्वाहिली ही टांझानिया व केनियाची राष्ट्रभाषा आहे, आणि या किनाऱ्याचा इतिहास आफ्रिकेच्या इतिहासाचा भाग म्हणूनच लिहिला पाहिजे.