एका बंदूकबाजाचा निरोप

जॉन वेनचा शेवटचा चित्रपट 'द शूटिस्ट' १९७६ साली आला. त्यात तो कर्करोगाने मरू घातलेला बंदूकबाज झाला आहे. आणि पुढे तीनच वर्षांनी, ११ जून १९७९ रोजी, तो खरोखर कर्करोगानेच गेला. साहजिकच 'मरण ओळखून त्याने ही भूमिका केली' अशी आख्यायिका रूढ झाली. आख्यायिका गोड आहे, पण इतिहास निराळा आहे. १९६४ साली कर्करोगापायी त्याचे एक फुप्फुस काढले होते हे खरे. मात्र जठराचा जो कर्करोग त्याला घेऊन गेला, तो उघडकीस आला १९७९ च्या जानेवारीत.

मग याला निरोप का म्हणायचे? माझ्या मते, त्याच्या शेवटामुळे.

कथा १९०१ च्या जानेवारीतली, नेवाडातल्या कार्सन सिटीची. वर्तमानपत्रात राणी व्हिक्टोरियाच्या निधनाची बातमी, रस्त्यावर ट्राम, आणि त्या बदलत्या गावात घोड्यावरून येणारा म्हातारा जे. बी. बुक्स. दुखणे असे, की बसायला लाल उशी बरोबर बाळगावी लागते! ज्याच्या नावाने गावे कापत, त्याच्या काखोटीला उशी! मला तर ही कल्पना साऱ्या गोळीबाराहून मोठी वाटते. डॉक्टर झालेला जेम्स स्टुअर्ट त्याला पुढच्या यातना सांगतो आणि आडवळणाने सुचवतो, की तुझ्यासारख्याने असे मरू नये. बुक्सचा पूर्वेतिहास म्हणून दिग्दर्शक डॉन सीगलने 'रेड रिव्हर', 'रिओ ब्राव्हो' अशा वेनच्याच जुन्या चित्रपटांतले तुकडे जोडले आहेत. पात्राचे तारुण्य तेच नटाचे तारुण्य.

आणि कसले तारुण्य! १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून बंदुकीवर नाव कमावलेले. १९६८ साली तर 'द ग्रीन बेरेट्स' काढून त्याने व्हिएतनाम युद्धाची तरफदारी केली. त्याच्या राजकारणाशी माझे कधीच जमले नाही.

ग्लेंडन स्वार्थाउटच्या मूळ कादंबरीत, बुक्स ज्या विधवेच्या घरी उतरतो तिचा मुलगा अखेरीस त्याची पिस्तुले घेऊन त्याच वाटेने निघतो. चित्रपटात तसे नाही. दारूच्या गुत्त्यात शत्रूंना लोळवल्यावर बुक्सला पाठीमागून गोळी घालतो तो गुत्तेवाला. मुलगा गुत्तेवाल्याला ठार करतो, हातातल्या पिस्तुलाकडे पाहतो आणि ते दूर भिरकावून देतो. जमिनीवर पडलेला बुक्स त्याच्याकडे बघून किंचित मान हलवतो, आणि मग डोळे मिटतो.