कर्जफेड संरक्षण विमा : गैरविक्री व परतावा (ब्रिटन)

कर्जदार आजारी पडला, अपघातात सापडला किंवा त्याची नोकरी गेली, तर त्याच्या कर्जाचे हप्ते ठरावीक काळ विमा कंपनीने भरावेत, यासाठी घेतला जाणारा विमा. ब्रिटनमध्ये तो ‘पीपीआय’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. वैयक्तिक कर्ज, गृहकर्ज, मोटारकर्ज, क्रेडिट कार्ड आणि दुकानांची कार्डे अशा जवळजवळ सर्व प्रकारच्या उधारीबरोबर तो विकला गेला. नियामकाच्या अंदाजानुसार विकलेल्या पॉलिसींची संख्या ६.४ कोटींपर्यंत जाते. त्यांपैकी बहुतेक १९९० ते २०१० या काळातील, तर काही १९७० च्या दशकातील आहेत. गैरविक्रीबद्दल बँका व इतर वित्तसंस्थांनी ग्राहकांना परत केलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांहून अधिक आहे. तीत एकट्या लॉइड्स बँकिंग ग्रुपचा वाटा सर्वांत मोठा होता.

विक्रीची पद्धत : हा विमा मुळात निरुपयोगी नव्हता; नोकरी गेलेल्या कुटुंबाला वर्षभराचे हप्ते परस्पर भरले जाणे हा मोठा आधार असतो. दोष होता तो विक्रीत. स्वतंत्र व्यवसाय करणारे, अल्प मुदतीच्या करारावरील किंवा आठवड्यातून थोडेच तास काम करणारे, आधीपासून आजार असलेले, अशा अनेकांना पॉलिसीतील अपवादांमुळे दावाच करता येत नसे. पाठदुखी व मानसिक ताण ही कामावरील गैरहजेरीची नेहमीची कारणे. अनेक पॉलिसींत नेमकी तीच वगळलेली किंवा मर्यादित केलेली होती. निवृत्त माणसांनाही बेकारीपासूनचे संरक्षण विकण्यात आले. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असे कित्येकांना भासवले गेले. काहींना आपल्या हप्त्यात विमा आहे, याचा पत्ताच नव्हता.

सर्वांत महाग प्रकार एकरकमी हप्त्याचा. संपूर्ण विमाहप्ता आरंभीच मूळ कर्जात मिळवला जाई आणि त्यावर कर्जाच्या दरानेच व्याज लागे. कर्ज दहा वर्षांचे आणि विमा पाचच वर्षांचा, असेही घडे. म्हणजे संरक्षण संपल्यावरही ग्राहक त्याचे व्याज भरत राही. मुदतीपूर्वी कर्ज फेडले, तरी हप्त्याची परतफेड अल्प होई. स्पर्धा आयोगाच्या पाहणीत या विम्याच्या हप्त्यांपैकी सरासरी केवळ १४ टक्के रक्कम दाव्यांपोटी परत जात असल्याचे आढळले. मोटारविम्यात हेच प्रमाण ७८ टक्के आणि घरविम्यात ५४ टक्के होते. उरलेल्या रकमेचा मोठा भाग दलाली म्हणून कर्ज देणाऱ्याकडेच येई, आणि हे ग्राहकाला सांगितले जात नसे. पुढचे सारे प्रकरण या न सांगितलेल्या आकड्याभोवती फिरते.

नियमन : सप्टेंबर २००५ मध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या नागरिक-साहाय्य संस्थेने ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या व्यापार-नियामक कार्यालयाकडे विशेष तक्रार दाखल केली. त्या कार्यालयाने २००७ मध्ये हा विषय स्पर्धा आयोगाकडे सोपवला. कर्ज देतानाच विमा विकण्यावर बंदी घालण्याचा निर्णय आयोगाने जानेवारी २००९ मध्ये दिला. बार्कलेज बँकेने त्याविरुद्ध अपील केले. फेरविचारानंतर आयोगाने २०१० मध्ये बंदी कायम केली. दरम्यान फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटी (एफएसए) या वित्त-नियामक संस्थेने काही कंपन्यांना दंड केले. ऑक्टोबर २००८ मध्ये अलायन्स अँड लेस्टर या बँकेला झालेला ७० लाख पौंडांचा दंड त्यांपैकी मोठा. विनातारण कर्जाबरोबरची एकरकमी हप्त्याची विक्री २००९ मध्ये थांबली.

न्यायालयीन निर्णय, २०११ : एफएसएने ऑगस्ट २०१० मध्ये तक्रारी कशा तपासाव्यात व भरपाई कशी मोजावी, याचे नियम जाहीर केले, ते १ डिसेंबर २०१० पासून लागू झाले. ब्रिटिश बँकर्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेने त्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले. विक्रीविषयीचे तपशीलवार नियम बँकांनी पाळले असतील, तर ‘ग्राहकाशी न्यायाने वागावे’ यासारख्या सर्वसाधारण तत्त्वांच्या आधारे जुन्या विक्रीला दोष देता येणार नाही, तसे करणे म्हणजे नियम पूर्वलक्षी प्रभावाने बदलणे होय, असा बँकांचा युक्तिवाद होता. न्या. औसली यांनी २० एप्रिल २०११ रोजी तो फेटाळला. तत्त्वे ही पायाभूत असतात आणि तपशीलवार नियमांमुळे ती संपुष्टात येत नाहीत, हा या निकालाचा आशय. परताव्याच्या इतिहासात याहून निर्णायक दिवस नाही. ५ मे रोजी लॉइड्सने खटल्यातून अंग काढून घेतले व ३.२ अब्ज पौंडांची तरतूद केली. ९ मे रोजी असोसिएशनने अपील न करण्याचे जाहीर केले. एप्रिल २०१३ पासून एफएसएचे हे काम फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे (एफसीए) आले.

तक्रारीची रीत : तक्रार प्रथम विक्रेत्याकडे करावी लागे. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर न आल्यास, किंवा अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांत, फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या तक्रार-निवारण संस्थेकडे विनाशुल्क दाद मागता येई. २०१३ च्या सुमारास ओम्बड्समनकडे आठवड्याला १२,००० पर्यंत नवी प्रकरणे येत होती. तक्रारदाराजवळ पॉलिसीचा कागद असणे आवश्यक नव्हते. जुन्या नोंदी शोधण्याची जबाबदारी मुख्यतः बँकेवर होती. काही बँकांनी ही जबाबदारी नीट पार पाडली नाही. तक्रारी अयोग्य रीतीने हाताळल्याबद्दल २०१५ मध्ये क्लाइड्सडेल बँकेला सुमारे २.०७ कोटी व लॉइड्सला ११.७ कोटी पौंडांचा दंड झाला.

परताव्याचा हिशेब : विमा घेतलाच नसता तर ग्राहक ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला आणावे, हे सूत्र. भरलेला हप्ता, त्यावर लागलेले कर्जाचे व्याज आणि या जादा रकमेवर वर्षाला ८ टक्के सरळ व्याज, असे तीन घटक त्यात येतात. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. कर्ज ८,००० पौंड, त्यात मिळवलेला विमाहप्ता २,००० पौंड, मासिक हप्ता २२० पौंड, मुदत ६० महिने. एकूण १०,००० पौंडांत विम्याचा भाग एक पंचमांश, म्हणून दर महिन्याच्या २२० पैकी ४४ पौंड विम्यापोटी गेले. पाच वर्षांचे हे २,६४० पौंड होतात. कर्ज फिटल्यानंतर पाच वर्षांनी तक्रार निकाली निघाली, तर प्रत्येक हप्त्यावर तो भरल्यापासूनचे ८ टक्के व्याज धरून सुमारे १,५७५ पौंडांची भर पडते आणि परतावा ४,२०० पौंडांच्या पुढे जातो. क्रेडिट कार्डाबाबत संपूर्ण खाते विम्याविना पुन्हा मांडावे लागे. विम्यामुळे मर्यादा ओलांडून लागलेला आकारही वजा होई. पूर्वी विम्याचा दावा मिळाला असल्यास ती रक्कम कापली जाई, आणि त्याच कर्जाची थकबाकी असल्यास परतावा आधी तिच्यात वळता करता येई.

एकरकमी विम्याच्या काही प्रकरणांत बँकांना सौम्य मार्गही होता. ग्राहकाने एरवी मासिक हप्त्याचा विमा घेतलाच असता असे मानून, दर १०० पौंडांच्या संरक्षणामागे ९ पौंड वजा करून उरलेलेच परत करायचे. ही वजावट किती प्रकरणांत रास्त होती, याबद्दल मतभेद आहेत.

कर : ८ टक्के व्याजाचा भाग करपात्र असून त्यातून सामान्यतः २० टक्के कर कापला जाई, ज्यांचे उत्पन्न करमर्यादेखाली, त्यांना तो परत मागता येई.

बुडालेले विक्रेते : विक्रेता बुडाला असल्यास प्रकरण फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम या भरपाई योजनेकडे जाई.

प्लेविन निकाल : ‘प्लेविन विरुद्ध पॅरागॉन पर्सनल फायनान्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१४ रोजी न सांगितलेल्या दलालीचा प्रश्न सोडवला. २००६ मधील ३४,००० पौंडांच्या कर्जावर ५,७८० पौंडांचा विमाहप्ता चढवलेला होता. त्यांतील १,८७० पौंड मध्यस्थाला व २,२८० पौंड कर्जदात्याला गेले. विमा कंपनीच्या हाती १,६३० पौंड पडले. म्हणजे दलाली ७१.८ टक्के. दलाली घेतली जात आहे हे ग्राहकाला मोघम माहीत असले, तरी प्रमाण इतके मोठे झाले की ते न सांगणे हेच ग्राहक-कर्ज अधिनियम १९७४ च्या कलम १४०अ नुसार नाते ‘अन्याय्य’ ठरवण्यास पुरेसे आहे, असे न्या. लॉर्ड सम्प्शन यांनी म्हटले. विक्रेत्याने खोटे बोलल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. यानंतर एफसीएने ५० टक्क्यांची रेषा आखली आणि त्यावरील दलाली परत करण्यास सांगितले. वरील खटल्याला ही रेषा लावली, तर ४,१५० पौंडांच्या दलालीतून ग्राहकाला सुमारे १,२६० पौंड मिळतात. न सांगितलेल्या दलालीचा निम्म्याहून कमी भाग परत करणारी ही रेषा बँकांना फार अनुकूल होती.

दावा-मध्यस्थ : परतावा मिळवून देणाऱ्या खासगी कंपन्यांचा मोठा धंदा उभा राहिला. अनाहूत फोन व संदेश यांनी लोक त्रासले. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या अंदाजाप्रमाणे एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१५ या काळात या कंपन्यांना ३.८ ते ५ अब्ज पौंड मिळाले. तक्रार मोफत करता येत होती आणि पत्रकार मार्टिन लुईस यांच्या संकेतस्थळावर पत्रांचे तयार नमुनेही होते, हे लक्षात घेता ही रक्कम पीडितांच्या खिशातून विनाकारण गेली, असेच म्हणावे लागते. शुल्कावर २० टक्क्यांची (अधिक व्हॅट) मर्यादा आली ती जुलै २०१८ मध्ये, फार उशिरा.

अंतिम मुदत व नंतर : तक्रारीसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख ठरली. तिच्या प्रसिद्धीसाठी अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे यांत्रिक शिर वापरलेल्या जाहिराती झळकल्या. त्यानंतर दाव्यांचा मार्ग न्यायालयातून गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत ग्राहकांची बाजू घेतली. अन्याय्य नात्याचा दावा नाते संपल्यापासून सहा वर्षांत करता येतो, हे एका निकालाने सांगितले. दुसऱ्यात दलाली हेतुपुरस्सर दडवली असल्यास कालमर्यादा ग्राहकाला ते कळू शकले तेव्हापासून मोजावी, असे ठरले. १ ऑगस्ट २०२५ रोजी याच न्यायालयाने मोटारकर्जावरील दलालीच्या तीन प्रकरणांत कर्जदारांचे बहुतेक मुद्दे अमान्य केले. मात्र एका प्रकरणात, दलाली कर्जावरील एकूण आकारणीच्या ५५ टक्के असल्याने, कलम १४०अ खाली व्याजासह परतावा मंजूर केला.