विषाणूंचे प्रतिकृती-कोष्ठ

यजमान पेशीत शिरल्यावर विषाणू आपल्या जनुकीय द्रव्याच्या प्रती ज्या बंदिस्त जागेत काढतो, ती जागा. बहुतेकदा ती पेशीच्याच पटलांपासून घडवलेली असते.

डेंग्यूचा विषाणू एकपेडी आरएनएचा आहे. त्याची प्रत निघताना दुपेडी आरएनए तयार होतो आणि विषाणूची खरी अडचण तिथेच सुरू होते. निरोगी पेशीद्रव्यात लांब दुपेडी आरएनए सहसा नसतो. तो आढळताच रिग-आय, एमडीए-५ ही संवेदक प्रथिने इंटरफेरॉनची यंत्रणा जागी करतात. म्हणून डेंग्यूचा विषाणू आंतर्द्रव्यजालिकेचे पटल आत ढकलून सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाचे खिसे पाडतो. दुपेडी आरएनए खिशात दडून राहतो. प्रती काढणारी विकरेही तिथेच एकवटतात, त्यामुळे काम वेगाने होते. मात्र खिसा पुरता मिटलेला नसतो. जेमतेम १० नॅनोमीटरच्या तोंडातून कच्चा माल आत येतो, तयार आरएनए बाहेर पडतो आणि तोंडासमोरच्याच पटलावर नवे विषाणूकण आकार घेताना दिसतात. लपणे आणि देवाणघेवाण या दोन परस्परविरोधी गरजा हे चिंचोळे तोंड एकदम भागवते. सगळ्या रचनेत महत्त्वाचे तेच.

करोना विषाणूंच्या दुपदरी पिशव्या दीर्घकाळ कोडे होऊन राहिल्या, कारण त्यांना तोंडच सापडत नव्हते. २०२० मध्ये उंदरांच्या करोना विषाणूवर काम करताना, गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन प्रतिमांत दोन्ही पदरांतून आरपार जाणारे षट्कोनी सममितीचे छिद्र दिसले. चिकुनगुन्याचे कोष्ठ पेशीच्या बाह्यपटलावर तयार होतात, कीटकांच्या फ्लॉक हाउस विषाणूचे तंतुकणिकेवर.

रेबीजच्या विषाणूला पटल लागत नाही. इटालियन वैद्य आदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये रेबीजग्रस्त प्राण्यांच्या चेतापेशींत काही पिंड पाहिले आणि ते आदिजीव असावेत असे मानले. पुढे अनेक दशके पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत हे पिंड शोधूनच निदान होई. हीच विषाणूच्या आरएनए-निर्मितीची जागा असल्याचे मात्र एकविसाव्या शतकात कळले. विषाणूची प्रथिने पेशीद्रव्यातून द्रवाच्या थेंबासारखी वेगळी होऊन हे पिंड बनतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले.

औषधांच्या दृष्टीनेही कोष्ठ हे आशेचे लक्ष्य आहे. डेंग्यूच्या एनएस३ व एनएस४बी या प्रथिनांची जोडी जुळू न देणारा जेएनजे-ए०७ हा रेणू नवे खिसे पडू देत नाही; आधीच पडलेल्यांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.