प्रकाशाचे स्थानबंधन

प्रकाशाचे स्थानबंधन : अव्यवस्थित रचनेच्या पदार्थात वारंवार प्रकीर्णन पावलेल्या तरंगांच्या परस्पर व्यतिकरणामुळे प्रकाशाचा प्रसार खुंटून तो पदार्थाच्या अल्पशा भागात कोंडला जाण्याचा आविष्कार.

साखरेचा एकच दाणा उजेडासमोर धरला असता पारदर्शक दिसतो. तीच साखर ढिगाने ओतली की पांढरीशुभ्र दिसते, कारण दाण्यादाण्याच्या पृष्ठभागावर दिशा बदलीत गेलेला प्रकाश सर्व रंगांनिशी माघारी येतो. येथे प्रकाश भटकतो, पण अडकत नाही. हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. स्थानबंधनासाठी दोन प्रकीर्णनांमधील सरासरी अंतर तरंगलांबीच्या सुमारे एकषष्ठांशापर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या बाबतीत शंभर नॅनोमीटरच्या आसपास, यावे लागते. एखाद्या वळणावळणाच्या मार्गाने फिरून मूळ स्थानी परतणारा तरंग आणि तोच मार्ग उलट दिशेने आक्रमून येणारा त्याचा जोडीदार यांनी कापलेले अंतर अगदी समान असल्याने दोघांच्या कला जुळतात, परमप्रसर मिळवले जातात आणि परतण्याची संभाव्यता निव्वळ भटकंतीच्या हिशेबाहून दुप्पट भरते. प्रकीर्णन अतितीव्र झाले म्हणजे हे परतणेच प्रबळ होऊन पुढची वाट बंद होते. प्रकाश शोषला न जाताही कैद होतो, हे या विषयाचे खरे मर्म होय.

फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये हा विचार इलेक्ट्रॉनांसंबंधी मांडला. प्रकाशाच्या बाबतीत सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये असे दाखविले की, संपूर्ण गोंधळापेक्षा मुळात नियमित असलेल्या रचनेतील माफक अव्यवस्था अधिक उपकारक ठरते. अर्धसंवाहकाच्या पातळ पापुद्र्यात नियमित अंतराने छिद्रे पाडून केलेल्या प्रकाशीय स्फटिकात काही विशिष्ट तरंगलांब्यांना मज्जाव असतो. त्या निषिद्ध पट्ट्याच्या कडेला प्रकाशाची गती मंदावते, आणि छिद्रांच्या जागा काही नॅनोमीटरांनी चुकल्या तरी तो तेथेच मुक्काम ठोकतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१० मध्ये मुद्दाम छिद्रे विस्कटून अशा रचनेत प्रकाश अडकविला, आणि आतील क्वांटम बिंदूने (अर्धसंवाहकाच्या अतिसूक्ष्म कणाने) सोडलेल्या फोटॉनांपैकी ९४ टक्के एकाच बद्ध अवस्थेत उतरल्याचे नमूद केले. कारागिरीतील दोष म्हणून जो टाळावयाचा, तोच येथे उपकरणाचे काम करतो, याचे महत्त्व मोठे आहे.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या प्रयोगशाळेत हे संशोधन चालते. तेथे २०१३ मध्ये सरासरीने नियमित, परंतु बारकाव्यात अव्यवस्थित अशा सूक्ष्म थेंबांच्या रांगेतून निषिद्ध पट्ट्यातील अवस्थांवर लेसर प्रकाश मिळविण्यात आला.

एकमितीय व द्विमितीय रचनांतील स्थानबंधन प्रयोगसिद्ध आहे. त्रिमितीय अव्यवस्थित अवाहक पदार्थांतील दृश्य प्रकाशाच्या स्थानबंधनाचे पूर्वीचे दावे मात्र पुनर्तपासणीत टिकलेले नाहीत.