मक्त्यानें दिलेलें नांव



शेत विकणारा मनुष्य एकदांच पैसे मोजून घेतो. शेत मक्त्यानें देणारा दरसाल घेतो, आणि मुदत संपतांच बांधावर उभा राहून नव्यानें बोलणें करूं शकतो. हा व्यवहार आपल्या खेडोपाडीं कोणालाहि नवा नाहीं. परंतु ज्याला ना माती ना दगड, असें नुसतें नांव मक्त्यानें देऊन एका चिमुकल्या राष्ट्रानें आपला संसार कसा सावरला, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

इंटरनेटवरील नांवांची, म्हणजे डोमेनांची, पद्धति 1983 सालीं आंखली गेली. पुढें प्रत्येक देशाला दोन रोमन अक्षरें मिळालीं. भारताला 'आय-एन', जपानला 'जे-पी'. हीं अक्षरें कोणीं मागून घेतलीं नव्हतीं. देशांच्या संक्षिप्त नांवांची जी आंतरराष्ट्रीय यादी होती, तिच्यावरून तीं ठरलीं. या व्यवस्थेचे एक आद्य चालक जॉन पोस्टेल यांनीं 1994 सालीं लिहून ठेवलें कीं, अशा नांवाचा कारभार पाहणारा हा मालक नसून विश्वस्त आहे. म्हणून एखादा व्यापारी दुकानासाठीं जें नांव 'विकत' घेतों म्हणतो, तें वस्तुतः तो मुदतीनेंच घेत असतो. फी थांबली कीं नांव दुसऱ्यास मोकळें होतें.

प्रशांत महासागरांतील तुवालू हा देश 1 ऑक्टोबर 1978 रोजीं ब्रिटिश अमलांतून स्वतंत्र झाला. नऊ बेटें, अवघी 26 चौरस किलोमीटर जमीन आणि दहा-अकरा हजारांची वस्ती. लोकांचा निर्वाह नारळ, मासळी व परदेशी जहाजांवरील खलाशांची कमाई यांवर. सरकारची मिळकत मासेमारीचे परवाने आणि शोकिनांना विकलेलीं टपालाचीं तिकिटें यांची. अशा देशाच्या वांट्याला यादींत 'टी-व्ही' हीं अक्षरें आलीं. टेलिव्हिजनच्या धंद्यांतील लोकांना याहून गोड अक्षरें कोणतीं असणार?

गिऱ्हाईकें अर्थातच धांवलीं. 1998 सालीं कॅनडांतील एका कंपनीनें 5 कोटि डॉलर देण्याचें वचन दिलें. पैसे वेळेवर आले नाहींत व तो करार बारगळला. परंतु घेणारा वचनास चुकला तरी तुवालूची वस्तु तुवालूच्याच हातीं राहिली. 2000 सालीं कॅलिफोर्नियांतील एका कंपनीशीं नवा करार झाला: 12 वर्षांत 5 कोटि डॉलर, शिवाय धंद्यांत भागीदारी. त्या पैशाच्या आधारानें तुवालूनें 5 सप्टेंबर 2000 रोजीं संयुक्त राष्ट्रसंघांत 189 वें सभासद म्हणून आसन मिळविलें. पुढें राजधानी फुनाफुटी येथें पक्के रस्तेहि झाले. मध्यंतरीं मक्ता 'व्हेरिसाइन' कंपनीकडे गेला. 2021 च्या अखेरीस मुदत संपतांना तुवालूनें मक्तेदार बदलून 'गोडॅडी' कंपनीस निवडलें, आणि दरसाल मिळणारी रक्कम सुमारें 1 कोटि डॉलरपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुपटीवर, गेल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. नांव कायमचें विकलें असतें, तर ही वाढ खरेदीदाराच्या पेटींत पडली असती.

तथापि 'मक्ता' हा शब्दच तारक आहे असें कोणीं समजूं नये. आपली मुंबईच पाहा. 1668 सालीं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानें ती ईस्ट इंडिया कंपनीस दरसाल 10 पौंड खंडानें दिली. खंड ठरीव आणि मुदत मुळींच नाहीं. पुढें बंदर वाढलें, पेठा वाढल्या, परंतु खंडाचा आंकडा त्यांच्याबरोबर वाढण्याची सोय पट्ट्यांत नव्हती. नांव खंडाचें, पण व्यवहार दानाचा! मक्त्याचें सारें बळ मुदतींत आणि फेरठरावाच्या हक्कांत आहे. तुवालूचा शेजारी नियू याच्या 'एन-यू' या अक्षरांची कथा तर निराळीच. स्वीडिश भाषेंत 'नू' म्हणजे 'आतां'. त्यामुळें त्या देशांत हें नांव फार चाललें. परंतु कारभार नियूच्या सरकारच्या हातीं नव्हता, आणि 2018 सालीं त्या सरकारास स्वीडनच्या न्यायालयांत दावा लावावा लागला.

तुवालूपुढें आतां याहून मोठा प्रश्न उभा आहे. त्याची जमीन समुद्रापासून चार-पांच मीटरांहून क्वचितच उंच आहे, आणि समुद्र चढत आहे. देशाचें नांव यादींतून गेलें तर अक्षरेंहि जातात. युगोस्लाव्हिया फुटल्यावर त्याचीं 'वाय-यू' हीं अक्षरें 2010 सालीं बंद झालीं. हें ओळखूनच कीं काय, 2023 सालीं तुवालूनें आपल्या राज्यघटनेंत लिहून ठेवलें कीं, भूमि गेली तरी राष्ट्र कायम राहील. शेतकऱ्याचें शेत वाहून गेलें म्हणजे मक्ता संपतो. येथें मात्र भूमीच्या आधारानें मिळालेलें नांव त्या भूमीच्या माघारीं तिच्या लेकरांना पोसूं शकेल काय, हें जगांतील इतर राष्ट्रें त्या घटनेस किती मान देतात यावर अवलंबून राहील.