कोर्लईचा डोंगर आणि पायथ्याची बोली

अलिबागहून दक्षिणेकडे जाताना रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेच्या खाडीवरील पूल लागतो. तो ओलांडला की समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर नजरेत भरतो. आम्हां वसईकरांची एक दिवसाची सहल नुकतीच तेथे गेली होती. दीपगृहापासून पायऱ्या चढून आम्ही माथा गाठला. माथा अगदी चिंचोळा! तटावर उभे राहिले की एका हाताला अथांग अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि उत्तरेला पाण्यापलीकडे माडांच्या बनात दडलेला रेवदंड्याचा जुना कोट.

या देखाव्यातच डोंगराचा इतिहास सामावलेला आहे. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलच्या बंदरात आपले ठाणे वसविले. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत डोंगराच्या माऱ्यात येई. म्हणून डोंगर ज्याच्या हाती, बंदरही त्याच्याच हाती. निजामशाही फौजेने येथे मोर्चे बांधून समोरच्या ठाण्यावर तोफा डागल्या, तेव्हा १५९४ साली पोर्तुगीजांनी हल्ला चढवून डोंगर जिंकला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. छप्पर हरपलेले चर्च आणि पोर्तुगीज शिलालेख त्या काळाची साक्ष देतात. १७३९ साली आमची वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

सत्ताधीश गेले; गोरगरीब ख्रिस्ती मात्र पायथ्याशीच राहिले. धर्माने ते शेजाऱ्यांहून वेगळे होते आणि इतर ख्रिस्ती वस्त्या दूर होत्या. या एकाकीपणात त्यांनी आपली बोली जपली. ती आजही कार्मेल मातेच्या धर्मग्रामात कानी पडते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी! ती बोलणारे आता जेमतेम हजारभर असावेत.

गड उतरल्यावर एका आजीबाईंनी आम्हांला पाणी दिले. आमच्याशी त्या शुद्ध मराठीत बोलल्या, मग वळून नातवाला आपल्या बोलीत हाक मारली. नातवाने उत्तर दिले ते मराठीत.

ते उत्तर आमच्या मनाला लागून राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषा आल्या, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. परंतु कोर्लईत जी लोकभाषा वेदीवर आली ती मराठी, शाळेतही तीच. दोष कोणाचाच नाही. ज्या भाषेने आम्हांला प्रार्थना दिली, तिच्याच सावलीत एक लहानशी बोली कोमेजत आहे, एवढेच.

आणि कोर्लईकरांची कीव करण्याचा अधिकार आम्हांला तरी कोठे आहे? आमच्या वसईतील सामवेदी आणि वाडवळी बोली आज किती घरांतील मुले बोलतात? परतीच्या प्रवासात गाडीत आम्ही हाच प्रश्न एकमेकांना विचारीत होतो, आणि तोही प्रमाण मराठीत! तटबंदी तोफांच्या भयाने बांधली गेली, तरी ती ढासळली. पायथ्याची बोली मात्र कोणत्याही तटाविना, केवळ आईने मुलाशी बोलण्याने, पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. आपल्या घरी आज संध्याकाळी रोझरीनंतर मुलांशी आपण कोणत्या बोलीत बोलणार आहोत?